सबब आधी, कृत्य मागाहून

काही वर्षांपूर्वी मी धडधाकट असताना आजारपणाची रजा टाकली होती. ‘अंगात कणकण आहे’ एवढं एक वाक्य लिहून पाठवलं आणि फोन बाजूला ठेवला. त्यानंतर मी जे केलं त्याचं मला अजून नवल वाटतं. मी स्वतःच्याच कपाळाला हात लावून पाहिला. आणि खरं सांगतो, कपाळ थोडं कोमट लागलं. घसाही जरा खवखवतोय असं वाटलं. घरात दुसरं कोणी नव्हतं. साहेबांना पाठवायचं ते पाठवून झालं होतं. मग ती कणकण मी कुणासाठी शोधत होतो?

दुसऱ्याला फसवणं समजायला सोपं आहे. त्यात फायदा असतो, पकडले जाण्याची भीती असते, म्हणून माणूस खोटं बोलतो. पण पकडणारं कोणीच नसताना माणूस स्वतःपुढे जी मखलाशी करतो तिचं काय? या प्रश्नावर मानसशास्त्रात गेली साठ-सत्तर वर्षं काम चालू आहे. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपली समजूत अशी असते की माणूस आधी चुकतो आणि मग सारवासारव करतो. पुष्कळदा क्रम उलटा असतो. सबब आधी तयार होते, आणि ती तयार झाली नसती तर ते कृत्य त्या माणसाने केलंच नसतं.

पण सुरुवात सारवासारवीपासूनच करू, कारण संशोधनाची सुरुवातही तिथूनच झाली.

१९५७ साली लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ‘कॉग्निटिव्ह डिसोनन्स’चा सिद्धान्त मांडला. आपण त्याला मनातला विसंवाद म्हणू. ‘मी सरळ माणूस आहे’ आणि ‘मी आत्ता खोटं बोललो’ ही दोन वाक्यं एका डोक्यात शेजारी शेजारी नांदत नाहीत. बोच लागते. ती घालवायची तर दोन्हींपैकी एक वाक्य बदलावं लागतं. केलेलं कृत्य मागे घेता येत नाही आणि ‘मी सरळ माणूस आहे’ हे सोडायची कुणाची तयारी नसते. मग तिसरीच गोष्ट बदलते, ती म्हणजे त्या कृत्याचा अर्थ.

फेस्टिंगर आणि त्याचा सहकारी जेम्स कार्लस्मिथ यांनी १९५९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात यावर एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना तासभर अतिशय कंटाळवाणं काम दिलं. अर्धा तास ट्रेमध्ये रिळं भरायची नि काढायची, उरलेला अर्धा तास लाकडी फळीवरच्या खुंट्या पाव-पाव वळशाने फिरवत बसायचं. काम संपल्यावर त्यांना विनंती केली की बाहेर जी विद्यार्थिनी थांबली आहे तिला ‘काम फार मजेचं आहे’ असं सांगा. म्हणजे साधं खोटं बोला. त्यासाठी काहींना १ डॉलर दिला, काहींना २०. नंतर दोन्ही गटांना विचारलं, खरं सांगा, काम कसं वाटलं?

२० डॉलर मिळालेल्यांनी सांगितलं, कंटाळवाणं होतं. १ डॉलरवाले म्हणाले, तसं बरं होतं की.

आपला अंदाज नेमका उलट असतो. जास्त पैसे, जास्त मतबदल, असं वाटतं. पण २० डॉलर ही चांगली घसघशीत सबब होती: ‘पैशासाठी बोललो, त्यात काय.’ एका डॉलरसाठी मी खोटं बोललो, हे मात्र स्वतःला सांगायला लाज वाटते. मग सुटका एकच, ते खोटं नव्हतंच असं मानायचं. म्हणूनच छोट्या, क्षुल्लक लाभासाठी केलेली लबाडी माणसाचं मत जास्त पक्कं बदलते. मोठ्या लाचेत निदान ‘ही लाच आहे’ हे कळत राहतं.

जडसन मिल्स याने १९५८ साली सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास याच्या पुढचं पाऊल आहे. त्याने मुलांना कॉपी करण्याबद्दलची मतं आधी विचारली. मग कॉपी करता येईल आणि कुणाला कळणार नाही असं वाटावं, अशी एक स्पर्धा घेतली. काहींनी कॉपी केली, काहींनी मोह टाळला. नंतर पुन्हा मतं विचारली. कॉपी केलेली मुलं कॉपीबद्दल मऊ झाली होती. मोह टाळलेली मुलं मात्र आधीपेक्षा कडक झाली होती. मला यातला दुसरा भाग जास्त अस्वस्थ करतो. काठावरून अगदी थोडक्यात या बाजूला पडलेली मुलं, पलीकडे पडलेल्यांवर सगळ्यांत जास्त खवळली होती. आपली कडक तत्त्वं कधीकधी विचाराने आलेली नसतात, एका नेमक्या दिवशी योगायोगाने आपण कुठल्या बाजूला पडलो त्यावर ठरलेली असतात.

हे झालं कृत्यानंतरचं. आता आधीचं.

‘चोरी’ नव्हे, ‘उसने’

डोनाल्ड क्रेसी हा गुन्हेशास्त्रज्ञ तुरुंगांत जाऊन अफरातफर केलेल्या माणसांशी बोलला आणि १९५३ साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही सराईत गुन्हेगार मंडळी नव्हती. पैसे सांभाळण्याच्या विश्वासाच्या जागेवर बसलेली, बहुतेक काळ प्रामाणिकपणे काम केलेली माणसं होती. क्रेसीला तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आढळल्या. पैशाची अशी एखादी अडचण जी कुणापाशी बोलता येत नाही, ती गुपचूप सोडवायची संधी, आणि तिसरी म्हणजे वापरायला योग्य शब्द. ‘मी चोरी करतो’ असं मनाशी म्हणून तिजोरीला हात घालणारा त्याला जवळजवळ भेटलाच नाही. ‘मी उसने घेतोय, महिन्याभरात परत ठेवीन’ असं म्हणणारे खूप भेटले. हिशेब तपासणारे लोक आज जो ‘फ्रॉड ट्रँगल’, म्हणजे फसवणुकीचा त्रिकोण, शिकतात, त्याची मुळं या कामात आहेत.

‘उसने’ हा शब्द पकडले गेल्यावर वकिलाने शिकवलेला नव्हता, हे क्रेसीचं मुख्य म्हणणं. तो शब्द पैसे उचलण्याच्या आधी डोक्यात तयार होता आणि त्यानेच हात पुढे नेला. त्या माणसाला आपण चोर आहोत असं कळलं ते कधी, तर परत ठेवण्याची रक्कम आवाक्याबाहेर गेल्यावर. काही जणांना तेव्हाही नाही.

चार वर्षांनी, १९५७ मध्ये, ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या दोन समाजशास्त्रज्ञांनी हीच गोष्ट बालगुन्हेगारांबद्दल मांडली. तेव्हा असा समज होता की गुन्ह्याकडे वळलेल्या मुलांची मूल्यंच उलटी असतात. साइक्स आणि मात्झा म्हणाले, तसं असतं तर त्यांना अपराधी वाटलं नसतं, आणि ते तर वाटताना दिसतं. ही मुलं प्रामाणिक माणसांना मानतात, कुणाला लुटायचं आणि कुणाला नाही याचे त्यांचे नियम असतात. म्हणजे नियम त्यांना मान्य आहे. फक्त या वेळेपुरती, माझ्यापुरती, त्यात सवलत आहे असं ते धरून चालतात. कायद्यात जशी स्वसंरक्षणाची सवलत असते, तशी ही मनातल्या कायद्यातली सवलत.

त्यांनी अशा पाच सवलती सांगितल्या. पहिल्या दोन तुमच्या-माझ्या रोजच्या आहेत: ‘माझ्या हातात काही नव्हतं’ आणि ‘कुणाचं काय नुकसान झालं?’ तिसरी, बोट दाखवणाऱ्याकडेच बोट दाखवायचं: ‘तुम्ही कुठले मोठे धुतल्या तांदळाचे?’ (आरोप करणारा लबाड असला तर आरोप खोटा कसा ठरतो, हे मला कुणी अजून समजावलेलं नाही. पण ही सबब चालते खरी.) चौथी जास्त काळोखी आहे. नुकसान झालं हे कबूल, पण ज्याचं झालं तो त्याच लायकीचा होता. इथे मार खाणाऱ्याकडून ‘बळी’ हा दर्जाच काढून घेतला जातो. मारणारा मग स्वतःला न्याय करणारा समजू लागतो.

पाचवी सबब माझ्या मते सर्वांत धोक्याची, कारण ती सद्गुणासारखी दिसते. ‘मी स्वतःसाठी नाही केलं.’ मुलांसाठी, मित्रासाठी, संघटनेसाठी, कंपनीसाठी. इथे माणसाला बोच लागतच नाही, उलट जरा अभिमान वाटतो. ओरी वाइझेल आणि शॉल शाल्वी यांनी २०१५ साली एक साधा खेळ मांडला. दोन खेळाडू. पहिला एकटा असताना फासा टाकतो आणि आकडा सांगतो, मग दुसरा टाकतो नि सांगतो. आकडे जुळले तर पैसे दोघांना. नशिबाने सहातून एकदा जुळायला हवेत. प्रत्यक्षात लोकांनी जुळल्याचं सांगितलं ते ऐंशी टक्क्यांहून जास्त वेळा. सोबत्याचाही फायदा होत असेल तर खोटं बोलणं आपुलकीचं वाटायला लागतं. ‘त्याचं नुकसान कशाला करू?’

शब्दांची रंगसफेदी

सबब शब्दांनी बनते, म्हणून शब्दांकडे बघायला हवं. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षं यावर काम केलं. माणूस आपली नैतिकता टाकून देत नाही, तात्पुरती अलग करून ठेवतो, गाडीचा क्लच दाबावा तशी, असं त्याच्या मांडणीचं सार सांगता येईल. इंजिन चालू असतं, चाकांना जोर पोचत नाही. १९७५ च्या एका प्रयोगात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं की दुसऱ्या गटाने चुकीचा निर्णय घेतला की त्यांना विजेचा धक्का द्या, किती तीव्र तो तुम्ही ठरवा. (धक्के प्रत्यक्षात कुणाला बसत नव्हते.) काही विद्यार्थ्यांच्या कानावर मुद्दाम असं पडू दिलं की तो गट म्हणजे ‘जनावरं’ आहेत. इतरांना त्यांच्याबद्दल चांगले शब्द ऐकवले. ओझरता ऐकलेला एक शब्द पुरला. ‘जनावरांना’ मिळालेले धक्के जास्त तीव्र होते.

शब्द नेहमी शिवीसारखा असतो असं नाही. बहुतेकदा तो गुळगुळीत असतो. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं प्रकरण उघड झालं. गाडी प्रदूषण चाचणीत आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर आटोक्यात ठेवणारं सॉफ्टवेअर त्यात होतं. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत. कंपनीत या करामतीचा उल्लेख कसा व्हायचा? ‘अकूस्टिक फंक्शन’, म्हणजे आवाजासंबंधीची सोय. बैठकीत ‘चाचणी फसवण्याचं यंत्र बसवू या’ असं म्हणायला जीभ अडखळेल. ‘आवाजाची सोय चालू ठेवा’ म्हणायला कुणाची अडखळणार?

आपल्या मराठीचं व्याकरण तर या कामी फारच उदार आहे. ‘मी कप फोडला’ असं आपण क्वचित म्हणतो. कप फुटतो. फार तर ‘माझ्या हातून’ फुटतो, म्हणजे हात माझा, पण फोडणारा मी नव्हे. कामं ‘राहून जातात’, शब्द ‘निघून जातो’, पैसे ‘खर्च होतात’, फाइल ‘गहाळ होते’. कर्ता असा अलगद बाजूला होतो की त्याला जाताना कोणी पाहत नाही. यात दरवेळी लबाडी असते असं मी म्हणत नाही, बऱ्याचदा ती साधी बोलण्याची रीत आहे. पण स्वतःच्या एखाद्या अवघड प्रसंगाची हकिगत लिहून काढा आणि वाक्यांतले कर्ते मोजा. चांगलं घडलं तिथे ‘मी’ ठळक सापडेल. बिनसलं तिथे वाक्यं आपोआप घडायला लागतात.

कधी कधी शब्द इतके गुळगुळीत होतात की प्रश्न नैतिक आहे हेच दिसेनासं होतं. डेनिस जिओया हा फोर्ड कंपनीत १९७० च्या दशकात गाड्या परत मागवण्याचं काम पाहायचा. फोर्डच्या पिंटो या गाडीला मागून धडक बसली की पेट घेण्याचा धोका होता. त्याच्याकडे अशा अपघातांचे अहवाल आले. गाडी परत मागवू नये, या बाजूने मत देणाऱ्यांत तोही होता. शेवटी १९७८ मध्ये ती परत मागवली गेली, तेव्हा तो कंपनीत नव्हता. पुढे प्राध्यापक झाल्यावर १९९२ मध्ये त्याने स्वतःच यावर लेख लिहिला. पापाची कबुली म्हणून वाचायला गेलं तर लेख विचित्र वाटतो, कारण त्याचं म्हणणं असं की त्या वेळी हा नीतीचा प्रश्न आहे असं त्याला जाणवलंच नाही. ठरावीक निकष होते, इतके अपघात असतील तर मागवा, ठळक नमुना दिसला तर मागवा. पिंटो त्या निकषांत बसली नाही. तो स्वतः पिंटोच चालवायचा. इथे सबब शोधण्याची गरजही पडली नाही, ती कामाच्या पद्धतीतच आधी घातलेली होती.

नरो वा कुंजरो वा

माणूस लबाडी करतो तेव्हाही पूर्ण लबाडी करत नाही, हा या क्षेत्रातला मला सर्वांत आवडणारा निष्कर्ष. उर्स फिशबाखर आणि फ्रान्झिस्का फॉल्मी-ह्यूसी यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोक एकटे असताना फासा टाकायचे आणि पडलेला आकडा सांगून तेवढे पैसे घ्यायचे. ५ ला सर्वांत जास्त पैसे, ६ ला शून्य. कुणी बघत नव्हतं. सगळ्यांनीच ५ सांगितलं असतं तरी कुणी पकडलं नसतं. पण तसं झालं नाही. बऱ्याच जणांनी खरं सांगितलं. ५ सांगणारे अर्थातच प्रमाणाबाहेर होते. गंमत म्हणजे ४ सांगणारेही प्रमाणापेक्षा जास्त निघाले. खोटं बोलायचं, पण पूर्ण लोभ करायचा नाही. तेवढी वजावट दिली की स्वतःविषयीचं मत शाबूत.

शाल्वी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशाच खेळाला एक बारीक वळण दिलं. इथे आकडा जितका मोठा तितके पैसे जास्त, म्हणजे सर्वांत जास्त ६ ला. फासा तीनदा टाका, पण मोजायची फक्त पहिली खेप. नंतरच्या दोन खेपा केवळ फासा नीट आहे हे बघायला. आणि लोकांनी सांगितलेले आकडे तिन्ही खेपांतला सर्वांत मोठा आकडा सांगावा तसे निघाले. एकदाच फासा टाकायला दिला तेव्हा खोटेपणा कमी होता. दिसलेला आकडा सांगणं आणि न दिसलेला सांगणं यात नैतिकदृष्ट्या काडीचा फरक नाही. मनाला मात्र तो फरक पुरतो: ‘सहा पडला होता की, फक्त पहिल्यांदा नाही.’ चांगली सबब साफ खोटी नसते. तिच्यात खऱ्याचा एक तुकडा असावा लागतो. माझ्या कोमट कपाळासारखा.

डॅनियल बॅट्सनचा नाण्याचा प्रयोगही याच जातीचा. दोन कामं, एक बक्षिसाची शक्यता असलेलं, दुसरं कंटाळवाणं. स्वतःला कोणतं आणि अनोळखी जोडीदाराला कोणतं, हे तुम्ही ठरवा. हवं तर नाणं उडवा. बऱ्याच जणांनी एकांतात नाणं उडवलं. त्यांच्यापैकी १० त ९ जणांना चांगलं काम ‘लागलं’. आणि नाणं न उडवता चांगलं काम घेणाऱ्यांपेक्षा हे लोक स्वतःला जास्त न्यायी समजत होते. पुढच्या एका प्रयोगात टेबलावर समोर आरसा ठेवला आणि न्यायाने वागण्याची आठवण दिली, तेव्हा निकाल निम्मानिम्म लागला.

इथे एक इशारा द्यायला हवा. मानसशास्त्राचे सगळेच गाजलेले प्रयोग टिकलेले नाहीत. अर्जाच्या शेवटी सही घेण्याऐवजी वरच्या बाजूला घेतली की लोक जास्त प्रामाणिक माहिती भरतात, असं सांगणारा २०१२ चा शोधनिबंध खूप गाजला होता. त्यातल्या एका भागाची आकडेवारी बनावट असल्याचं उघड झालं आणि २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला. प्रामाणिकपणावरचा निबंध. त्याआधी २०११ मध्ये डीडरिक स्टापेल या डच सामाजिक मानसशास्त्रज्ञाने आकडे रचल्याचं उघडकीला आलं आणि त्याचे पन्नासहून जास्त निबंध रद्द झाले. माणसं कशी वागतात हे कोळून प्यायलेल्यांनाही ते ज्ञान आड आलं नाही.

मग पहिली, खरी जाणीव कुठे जाते? पियरकार्लो वाल्डेसोलो आणि डेव्हिड डेस्टेनो यांचा २००८ चा अभ्यास याचं छान उत्तर देतो. आपण सोपं काम लाटलं तर ‘तसं ठीकच आहे’ आणि दुसऱ्याने लाटलं तर ‘अन्याय’, हे त्यांनाही दिसलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. पण मग त्यांनी काही जणांना मत देताना आकड्यांची एक रांग डोक्यात धरून ठेवायला लावलं. डोकं असं गुंतल्यावर पक्षपात नाहीसा झाला. लोक स्वतःच्या वागण्याला दुसऱ्याच्या वागण्याइतकीच कडक फूटपट्टी लावू लागले. म्हणजे ‘मी चुकलो’ हे आपोआप उमटतं. ‘तसं ठीकच आहे’पर्यंत पोचायला डोक्याला कष्ट पडतात, आणि तेवढी फुरसत मिळाली नाही तर ते काम अर्धवट राहतं.

सगळ्या कारणांना सबब म्हणणं अर्थातच चूक ठरेल. माणूस खरोखर अडलेला असतो, खरोखर माहिती नसते, खरोखर वरून दबाव असतो. आणि केलेल्या प्रत्येक चुकीची बोच जन्मभर बाळगणारा माणूस चांगला होतोच असं नाही, कित्येकदा तो नुसता खचतो. कारण आणि सबब यांतला फरक मी एवढाच करतो: तेच कारण दुसऱ्याने माझ्यापुढे ठेवलं असतं तर मी ते किती वेळात मान्य केलं असतं?

रॉय बॉमायस्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये लोकांना दोन हकिगती लिहायला सांगितल्या. एक, तुम्हाला कुणीतरी दुखावलं त्याची. दुसरी, तुम्ही कुणाला दुखावलं त्याची. माणूस तोच, लेखणी तीच. पण दुखावलेल्याच्या हकिगतीत घटना लांबवर पसरलेली होती, आधीपासून चालत आलेली, अजून न संपलेली, आणि समोरच्याने तसं का केलं हे कळायला मार्ग नव्हता. दुखावणाऱ्याच्या हकिगतीत ती एका दिवसाची गोष्ट होती. तिला कारण होतं, आणि ती केव्हाच मिटलेली होती.

माझ्या रजेची गोष्ट मी आजवर मित्रांना पाच-सहा वेळा तरी सांगितली आहे, कपाळाच्या तपशिलासकट, आणि दरवेळी हशा मिळतो. त्या दिवशी माझ्या वाट्याचं काम कोणी केलं असेल हे मात्र मला आठवत नाही. आठवत नाही हेही खरं नव्हे. मी ते कधी विचारलंच नव्हतं.